पासवर्डची राखण: दूरस्थ लॉगिनची साठ वर्षे

दूरच्या संगणकावर काम करू पाहणाऱ्या माणसाला आपली ओळख त्या संगणकाला पटवून द्यावी लागते. संगणकाला चेहरा दिसत नाही की सही दिसत नाही; तारेवरून आलेली अक्षरे तेवढी त्याच्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे दूरस्थ लॉगिन सुरू झाल्यापासून ओळखीचा सगळा भार एका गुप्त शब्दावर पडत आला आहे. हा शब्द तीन ठिकाणी फुटू शकतो: तो निवडणाऱ्या माणसाकडे, तो वाहून नेणाऱ्या तारेवर आणि तो पडताळणाऱ्या सर्व्हरच्या साठ्यात. गेल्या सहा दशकांत या तिन्ही जागांचा बंदोबस्त वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी आणि बहुतेक वेळा एखादी फजिती झाल्यावर झाला. एक वाट बंद झाली की हल्लेखोर दुसरीकडे वळले; काही वेळा तर एका जागेच्या बंदोबस्तानेच दुसरी जागा उघडी पाडली.

एक यंत्र, अनेक वाटेकरी

१९५०च्या दशकात संगणक एका वेळी एकाच माणसाचे काम करी. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा चालकाच्या हवाली करायचा आणि काही तासांनी छापील उत्तर घेऊन जायचे, असा रिवाज होता. गठ्ठा कोणी आणून दिला हे चालकाला दिसतच असे, त्यामुळे पासवर्डची गरज नव्हती. टाइम-शेअरिंगने, म्हणजे एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याच्या पद्धतीने, ही स्थिती बदलली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. आता अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच आयबीएम यंत्रावर काम करू शकत होते. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या होत्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला यंत्राचा ठरावीक वेळ येत होता. कोणी किती वेळ वापरला याचा हिशेब चोख राहावा आणि एकाच्या फायली दुसऱ्याच्या हाती लागू नयेत, म्हणून प्रत्येक खात्याला पासवर्ड देण्यात आला. त्या काळचे टर्मिनल कागदावर अक्षरे उमटवत असे. म्हणून पासवर्ड टाइप करताना छपाई तात्पुरती बंद ठेवण्याची सोयही करण्यात आली.

सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये, जसेच्या तसे, साठवलेले होते. ती फाइल फुटायला फार काळ लागला नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत होते आणि त्याच्या प्रबंधाच्या कामाला ते पुरत नव्हते. एखादी फाइल छापून हवी असल्यास तिचे नाव आणि खातेक्रमांक कार्डावर लिहून देण्याची सोय संगणक केंद्रात होती. शेरने शुक्रवारी रात्री पासवर्डच्या फाइलचे नाव लिहिलेले कार्ड सादर केले आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पासवर्डची छापील यादी उचलून आणली. त्यानंतर तो इतरांच्या खात्यांतील वेळ वापरू लागला. ही हकीकत त्याने स्वतः कित्येक वर्षांनी सांगितली.

१९६६ मधली दुसरी घटना कोणाच्याही लबाडीशिवाय घडली. सीटीएसएसवर लॉगिन करणाऱ्यांना दिवसाची सूचना दिसत असे. एके दिवशी त्या सूचनेच्या जागी प्रत्येकाच्या टर्मिनलवर संपूर्ण पासवर्ड-फाइल छापून येऊ लागली. प्रणालीचे दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते. एक सूचना बदलत होता, दुसरा पासवर्ड-फाइल. संपादनाचा प्रोग्राम दोघांसाठीही एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत असल्याने दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली. कॉर्बातो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हे उदाहरण दिले आहे. पासवर्डचा उघडा साठा ठेवला, तर तो चोरीने नाही तरी चुकीने फुटतो, हा या दोन घटनांचा धडा होता.

साठा निरुपयोगी करण्याची युक्ती

यावरचा मूलगामी उपाय इंग्लंडमध्ये निघाला. केंब्रिज विद्यापीठातील टायटन या संगणकासाठी रॉजर नीडहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक वेगळी रचना केली. सर्व्हरने मूळ पासवर्ड ठेवायचाच नाही. त्यावर एक एकमार्गी गणिती क्रिया करून मिळणारे उत्तर ठेवायचे. वापरकर्त्याने पासवर्ड दिला की तीच क्रिया पुन्हा करायची आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहायचे. उत्तरावरून मूळ शब्द काढता येत नसल्याने फाइल चोरीला गेली तरी हानी मर्यादित राहते. मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ सालच्या टाइम-शेअरिंगवरील पुस्तकात या पद्धतीचे वर्णन आले आणि ती इतरांपर्यंत पोहोचली. या उत्तरालाच आज हॅश म्हणतात.

बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या युनिक्स या कार्यप्रणालीने हीच वाट धरली. तिच्या अगदी सुरुवातीच्या रूपात पासवर्ड उघडे साठवले जात. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेल्या एम-२०९ या सांकेतिक यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम एकमार्गी क्रियेसाठी वापरण्यात आला. ही क्रिया एकमार्गी असली तरी फार वेगवान होती. पीडीपी-११/७० या संगणकावर एक शब्द तपासायला १.२५ मिलिसेकंद पुरत. लहान लिपीतील पाच अक्षरांचे सर्व संभाव्य शब्द, म्हणजे सुमारे १ कोटी १९ लाख जुळण्या, चार तासांत तपासून होत. उलट मार्ग बंद असला तरी एकेक शब्द करून पाहण्याचा सरळ मार्ग उघडा होता, आणि यंत्रे वेगवान होतील तसा तो रुंदच होणार होता.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख या विषयातील पायाभूत दस्तऐवज मानला जातो. त्यांनी दोन सुधारणा मांडल्या. पहिली म्हणजे क्रिया मुद्दाम संथ करणे: अमेरिकेच्या डीईएस या सांकेतिक प्रमाणाचा प्रयोग एकदा करून न थांबता लागोपाठ २५ वेळा करायचा. प्रामाणिक वापरकर्त्याला हा विलंब जाणवत नाही, लाखो शब्द तपासणाऱ्याला मात्र तो भारी पडतो. दुसरी सुधारणा सॉल्ट या नावाने रूढ झाली. प्रत्येक पासवर्डला १२ बिटांची एक यादृच्छिक संख्या जोडायची आणि मग क्रिया करायची. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेली उत्तरे वेगळी येतात, आणि आधीच तयार करून ठेवलेला शब्दांचा तक्ता ४,०९६ पट मोठा करावा लागतो. सॉल्टमुळे डीईएसची आतली मांडणीही किंचित बदलत असे, म्हणून बाजारात मिळणाऱ्या वेगवान डीईएस चिप हल्लेखोराच्या कामी येत नसत.

त्याच लेखातील पाहणी अधिक बोलकी होती. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी १५ पासवर्ड एकाच अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे निघाले. आखूड शब्द, शब्दकोशातले शब्द आणि नावे मिळून २,८३१ पासवर्ड, म्हणजे ८६ टक्के, सहज सापडण्याजोगे होते. साठ्याचे गणित कितीही पक्के केले तरी माणसाच्या निवडीतली कमजोरी त्याने झाकली जात नाही, हे या आकड्यांनी पहिल्यांदा मोजून दाखवले.

जाणकारांच्या पासवर्डलाही कालांतराने मर्यादा पडते. युनिक्सच्या जनकांचे पासवर्ड असलेली जुनी फाइल बीएसडी या युनिक्सच्या शाखेच्या एका प्रारंभीच्या आवृत्तीसोबत जतन झाली होती. त्यातला थॉम्प्सन यांचा पासवर्ड २०१९ मध्ये, आधुनिक ग्राफिक कार्डावर काही दिवस खर्ची घालून, शोधून काढण्यात आला. तो बुद्धिबळातील वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवण्याची चाल होती. आठ अक्षरांची मर्यादा असलेल्या त्या पद्धतीत तो चाळीस वर्षे टिकला.

माणसाकडची फट

१९८०च्या दशकात मोडेम स्वस्त झाले आणि टेलिफोनच्या तारेवरून परक्या संगणकात डोकावणे विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले. १९८३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील काही तरुणांनी लॉस अलामोस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेसह अनेक संस्थांच्या संगणकांत प्रवेश मिळवला. त्यासाठी गणिती हल्ल्याची गरज पडली नाही. कारखान्यातून यंत्रासोबत येणारे पासवर्ड अनेक ठिकाणी बदललेच गेले नव्हते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांनी संगणक-वापराच्या हिशेबात आलेल्या ७५ सेंटच्या फरकाचा पाठपुरावा केला. त्यातून पश्चिम जर्मनीतील मार्कुस हेस हा घुसखोर सापडला. तो सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला माहिती पुरवत होता. त्यानेही अनेक लष्करी संगणकांत ठरीव खाती आणि तर्काने ओळखता येणारे पासवर्ड यांच्याच आधारे पाय ठेवला होता.

अमेरिकी संरक्षण खात्याने एप्रिल १९८५ मध्ये पासवर्ड-व्यवस्थापनाची मार्गदर्शक पुस्तिका काढली. मुखपृष्ठाच्या रंगावरून ती ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली जाते. पासवर्ड यंत्राने तयार करून द्यावा, ठरावीक मुदतीनंतर बदलावा, चुकीच्या प्रयत्नांचा वेग मर्यादित ठेवावा आणि लॉगिन होताच मागच्या लॉगिनची वेळ दाखवावी, अशा सूचना तिने एकत्र आणल्या. सर्व्हर चालवणाऱ्यांच्या रोजच्या कामात यातल्या बऱ्याच सूचना मुरल्या.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी एका प्रोग्रामने अमेरिकेतील हजारो यंत्रे काही तासांत बेजार केली. हा ‘मॉरिस वर्म’ अनेक वाटांनी पसरत होता आणि त्यांतली एक पासवर्डची होती. युनिक्समधील पासवर्ड-फाइल तेव्हा यंत्रावरील प्रत्येकाला वाचता येई, कारण खातेदारांची नावे आणि क्रमांक अनेक साध्या प्रोग्रामनाही लागत. वर्म ती फाइल घेई आणि खात्याचे नाव, तेच नाव उलटे, माणसाचे नाव, आडनाव असे अंदाज करून पाही. मग सोबत आणलेल्या ४३२ शब्दांची यादी आणि शेवटी यंत्रावरचा शब्दकोश तपासे. हॅश काढण्याच्या क्रियेचे अधिक वेगवान रूपही त्याने सोबत आणले होते. हा वर्म लिहिणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस हा १९७९च्या लेखाचे सहलेखक रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक-आणीबाणीला प्रतिसाद देणारे सर्ट हे केंद्र उभे राहिले. भारताचे सर्ट-इन २००४ मध्ये त्याच धर्तीवर सुरू झाले.

वर्मनंतर दोन उपाय सार्वत्रिक झाले. पहिल्यात हॅश सार्वजनिक फाइलमधून काढून फक्त प्रशासकाला वाचता येणाऱ्या वेगळ्या ‘शॅडो’ फाइलमध्ये हलवण्यात आले. काही युनिक्समध्ये ही सोय आधीच आली होती. सिस्टिम फाइव्हच्या १९८८च्या आवृत्तीने आणि पुढे लिनक्सने ती रूढ केली. दुसरा उपाय म्हणजे पासवर्ड ठरवतानाच त्याची परीक्षा घेणे. डॅनियल क्लाइन यांनी १९९० मध्ये सुमारे १४,००० पासवर्ड तपासले, तेव्हा जवळपास एक चतुर्थांश त्यांच्या हाती लागले. पुढच्याच वर्षी ॲलेक मफेट यांचा ‘क्रॅक’ हा प्रोग्राम आला. प्रशासक तो आपल्याच सर्व्हरवर चालवून कच्चे पासवर्ड हुडकू लागले. त्यातूनच, कच्चा पासवर्ड मुळात स्वीकारायचाच नाही, अशी तपासणी लॉगिन-व्यवस्थेचा भाग झाली.

तारेवरची टेहळणी

माणूस आणि साठा यांकडे लक्ष असताना तार मात्र उघडीच राहिली होती. दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे टेलनेट. त्याची सुरुवात १९६९ मध्ये इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर झाली. टेलनेटमध्ये प्रत्येक अक्षर जसेच्या तसे जाते, पासवर्डही. विद्यापीठांतील इथरनेटच्या जाळ्यात एका तारेवरचा सगळा मजकूर तिला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला ऐकू येई. तेव्हा एका यंत्रात शिरकाव केलेल्या माणसाला शेजारच्या सगळ्यांचे पासवर्ड बसल्या जागी टिपता येत. फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्टने जाहीर इशारा दिला, तोवर इंटरनेटवरील हजारो यंत्रांचे पासवर्ड अशा टेहळणीतून चोरले गेले होते. अक्षरांनी आणि अंकांनी कितीही गुंतागुंतीचा केलेला पासवर्ड या चोरीपुढे निरुपयोगी होता.

यावर तीन दिशांनी उत्तरे आली. पहिले उत्तर होते एकदाच वापरायच्या पासवर्डचे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्ये त्याचे गणित मांडले होते. एका गुप्त शब्दावर एकमार्गी क्रिया शेकडो वेळा करून साखळी तयार करायची आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक कडी करत वापरायची. टिपलेली कडी पुन्हा चालत नाही आणि तिच्यावरून पुढची काढता येत नाही. बेलकोर या संस्थेच्या एस-की प्रणालीने हे प्रत्यक्षात आणले. तिच्यात प्रत्येक पासवर्ड सहा छोट्या इंग्रजी शब्दांच्या रूपात दिसे आणि प्रवासाला निघालेला माणूस पुढच्या काही पासवर्डची यादी कागदावर छापून खिशात ठेवू शके.

दुसरे उत्तर म्हणजे एमआयटीच्या अथेना प्रकल्पात तयार झालेली केर्बेरॉस ही व्यवस्था. टायटनवर काम केलेल्या नीडहॅम यांनी मायकेल श्रोडर यांच्यासह १९७८ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ती उभी होती. तिच्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. एक मध्यवर्ती सर्व्हर वापरकर्त्याला मुदतीचे सांकेतिक तिकीट देतो आणि बाकीचे सर्व्हर ते तिकीट तपासतात. मात्र सगळ्यांच्या किल्ल्या त्या एकाच यंत्रात असल्याने त्याची राखण इतर सर्वांपेक्षा कडक ठेवावी लागते.

तिसरे उत्तर सर्वांत टिकाऊ ठरले. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड टिपणारा हल्ला झाला. त्यानंतर तिथल्या टाटू यलोनेन यांनी संपूर्ण संवादच सांकेतिक करणारा एसएसएच हा प्रोग्राम लिहिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो सर्वांना खुला केला. फायली पाठवणाऱ्या एफटीपीला २१ आणि टेलनेटला २३ हे पोर्ट, म्हणजे सेवेचे ठरावीक क्रमांक, होते. त्यांच्या मधले २२ यलोनेन यांनी मागून घेतले. वर्ष संपेपर्यंत सुमारे ५० देशांत त्याचे २०,००० वापरकर्ते झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी गटाने ओपनएसएसएच काढले आणि युनिक्स-लिनक्सच्या जगात टेलनेट जवळपास मागे पडले. एसएसएचने आणखी एक पायंडा पाडला. वापरकर्त्याकडे खासगी किल्ली आणि सर्व्हरवर तिची सार्वजनिक जोडकिल्ली ठेवली, तर पासवर्ड वगळूनही लॉगिन करता येऊ लागले.

मोडेमचा दरवाजा

कार्यालये आणि इंटरनेट पुरवठादार यांच्यासाठी १९९०चे दशक डायल-अपचे होते. वापरकर्ता मोडेमवरून फोन लावी आणि पलीकडचा रिमोट ॲक्सेस सर्व्हर तो उचलून त्याला जाळ्यात घेई. या सर्व्हरसाठी पासवर्ड पडताळण्याच्या दोन पद्धती ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रमाणित झाल्या. पॅप ही पद्धत पासवर्ड उघडाच पाठवी. पण सर्व्हरला फक्त हॅश ठेवून भागत असे. चॅप या पद्धतीत सर्व्हर एक यादृच्छिक प्रश्न पाठवी आणि पासवर्डच्या साहाय्याने काढलेले त्याचे उत्तर परत येई. तारेवर पासवर्ड कधीच दिसत नसे, पण उत्तर पडताळण्यासाठी सर्व्हरला मूळ पासवर्ड माहीत असावा लागे. तार राखायची तर साठा उघडा ठेवावा लागे, साठा राखायचा तर तार. दोन्ही एकदम राखण्याची सोय या दोहोंपैकी एकीतही नव्हती, आणि सर्व्हर उभारणाऱ्याला अधिक धोका कुठे आहे हे ठरवून निवड करावी लागे.

दुसरा प्रश्न संख्येचा होता. पुरवठादाराचे मोडेम अनेक शहरांत असत आणि प्रत्येक ठिकाणच्या सर्व्हरवर सगळ्या ग्राहकांची यादी ठेवणे अशक्य होते. अमेरिकेतील मेरिट नेटवर्क या संस्थेने १९९१ मध्ये यावर प्रस्ताव मागवले आणि लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीच्या प्रस्तावातून रेडियस जन्माला आले. त्यात मोडेमजवळचा सर्व्हर स्वतः निर्णय घेत नाही. तो नाव-पासवर्ड मध्यवर्ती रेडियस सर्व्हरकडे पाठवतो, होकार आला तर आत घेतो आणि किती वेळ वापर झाला याचा हिशेबही तिकडेच कळवतो. १९९७ मध्ये रेडियसचा मसुदा अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला. डायल-अप संपल्यावरही कार्यालयांचे वायफाय आणि व्हीपीएन याच पद्धतीवर चालत राहिले. त्यात वापरलेल्या एमडी५ या जुन्या हॅश-क्रियेची कमजोरी मात्र तशीच राहिली, आणि २०२४ मध्ये संशोधकांनी तिचाच फायदा घेणारा हल्ला दाखवून दिला.

मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीमध्ये रिमोट ॲक्सेस सर्व्हिस दिली. तिच्यात कॉल-बॅकची सोय होती: पासवर्ड पटल्यावर सर्व्हर फोन ठेवून देई आणि आधी नोंदवलेल्या क्रमांकावर स्वतः उलट फोन लावी. त्यामुळे चोरलेला पासवर्ड परक्या टेलिफोनवरून चालत नसे. चॅपमध्ये बदल करून मायक्रोसॉफ्टने स्वतःची एमएस-चॅप पद्धतही आणली. ब्रूस श्नायर आणि ‘मज’ या टोपणनावाने ओळखले जाणारे संशोधक यांनी १९९८ मध्ये तिच्यातील गंभीर दोष दाखवले, त्यानंतर दुसरी आवृत्ती निघाली. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी २०१२ मध्ये दाखवले की या दुसऱ्या आवृत्तीची ताकदही शेवटी ५६ बिटांच्या एकाच डीईएस किल्लीइतकीच आहे आणि खास यंत्रावर ती एका दिवसाच्या आत सापडते. पासवर्ड लांबलचक असला तरी या हल्ल्यात फरक पडत नव्हता.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्याआधी १९८६ पासून अर्नेट प्रकल्पाद्वारे मुंबईची एनसीएसटी आणि आयआयटी यांसारख्या संस्था परस्परांशी जोडल्या गेल्या होत्या. विदेश संचार निगमच्या स्वस्त शेल खात्यात ग्राहक मोडेमने निगमच्या युनिक्स सर्व्हरवर लॉगिन करून फक्त अक्षरांच्या पडद्यावर काम करी. खाते तासांच्या हिशेबाने विकले जात असल्याने दुसऱ्याचा पासवर्ड म्हणजे रोख किंमत असलेली वस्तू होती. २००० मध्ये दिल्लीत इंटरनेटचे तास चोरल्याचे प्रकरण पोलिसांत गेले. पासवर्डचा गैरवापर हा स्वतंत्र गुन्हा तेव्हा नव्हता, म्हणून चोरीच्या जुन्या कलमाचा आधार घेतला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने ६६सी हे कलम आले. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

संथ हॅशची शर्यत

१९७९ची २५ फेऱ्यांची डीईएस पद्धत १९९०च्या दशकात मागे पडली. जुलै १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या खास यंत्राने डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधली. त्याआधीच पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीसाठी एमडी५ वर आधारलेली, हजार फेऱ्यांची नवी पद्धत लिहिली होती. तिने आठ अक्षरांची मर्यादाही काढून टाकली. तरी फेऱ्यांची संख्या कायमची ठरलेली असल्याने तीही जुनी होणारच होती. २०१२ मध्ये काम्प यांनी स्वतःच ती आता सुरक्षित नसल्याचे जाहीर केले.

नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या बीक्रिप्टने या अडचणीच्या मुळाला हात घातला. त्यात क्रिया किती संथ असावी हे प्रशासक ठरवू शकतो आणि यंत्रे वेगवान होतील तशी ती वाढवू शकतो. पुढे ग्राफिक कार्डावर हजारो हॅश एकाच वेळी तपासले जाऊ लागले, तेव्हा केवळ वेळ वाढवून भागेना. कॉलिन पर्सिव्हल यांच्या २००९च्या एसक्रिप्टने क्रियेला भरपूर मेमरी लागेल अशी रचना केली, कारण स्वस्तात हजारो गणक मिळवता आले तरी प्रत्येकाला तेवढी मेमरी पुरवणे महाग पडते. २०१३ ते २०१५ दरम्यान झालेल्या खुल्या स्पर्धेत याच तत्त्वावरचे आर्गॉन२ विजयी ठरले.

नियमांची उलटी फेरी

पासवर्डमध्ये मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह हवे, आणि तो ठरावीक दिवसांनी बदलायला हवा, हे नियम जगभर पसरले त्यात अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणन संस्थेच्या २००४ मधील मार्गदर्शिकेचा मोठा वाटा होता. प्रत्यक्षात लोकांनी या नियमांना साधी पळवाट काढली: पहिले अक्षर मोठे, शेवटी एक अंक, आणि बदलायची वेळ आली की अंक एकने वाढवायचा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड ठाऊक असेल तर १७ टक्के खात्यांत पुढचा पासवर्ड पाचापेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता येत होता. २००४च्या नियमांचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने भूमिका बदलली. ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल नको, अक्षर-अंक-चिन्हांचे बंधन नको. लांबी हवी आणि पूर्वी फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी पडताळणी हवी. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख उघडे पासवर्ड फुटल्यापासून अशा याद्या हल्लेखोरांच्या हाती होत्याच. त्या आता राखणीच्याही कामी आल्या.

दुसरा बदल म्हणजे पासवर्डवरचा एकट्याचा भार कमी करणे. दर मिनिटाला नवा अंक दाखवणारी सिक्युअरआयडी कार्डे १९८०च्या दशकापासून मोठ्या कंपन्यांत होती. २०११ मध्ये तीस सेकंदांनी बदलणाऱ्या संकेतांकाची खुली पद्धत प्रमाणित झाली आणि हे काम मोबाइलवर आले. त्याच वर्षी सिक्युअरआयडी बनवणाऱ्या आरएसए कंपनीच्या जाळ्यातच घुसखोरी झाली. संकेतांक तयार करणारे गुप्त बीजही एका साठ्यातच असते, हे तेव्हा उघड झाले. सार्वजनिक किल्लीवर आधारलेल्या छोट्या उपकरणांनी ही अडचण दूर केली, कारण त्यांत सर्व्हरकडे गुप्त असे काहीच राहत नाही. ओपनएसएसएचने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना जागा दिली.

जुन्या चुका तरीही नव्या ठिकाणी परततात. २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रामने कॅमेरे आणि राउटर यांसारखी लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्यासाठी कारखान्यात ठरलेल्या साठेक नाव-पासवर्ड जोड्या आणि टेलनेटचे उघडे दार एवढे पुरले. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन बंद पडली. हल्लेखोर वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून शिरले होते. त्या खात्याला पासवर्ड होता, दुसरी पडताळणी नव्हती.

आजचा सर्व्हर

आज काळजीपूर्वक उभारलेल्या दूरस्थ लॉगिनच्या सर्व्हरवर या सगळ्या टप्प्यांचे थर एकावर एक दिसतात. तारेसाठी एसएसएच किंवा सांकेतिक व्हीपीएन असते आणि टेलनेट बंद असते. साठ्यासाठी शॅडो फाइल आणि सॉल्टसह संथ हॅश असतो. माणसासाठी किमान लांबीचा नियम आणि फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी तपासणी असते. कारखान्यातून आलेली खाती बदललेली असतात, आणि नोकरी सोडलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद केली जातात. चुकीचे प्रयत्न मोजून त्या पत्त्याला काही काळ अडवणारे फेल२बॅनसारखे प्रोग्राम २००४ पासून उपलब्ध आहेत. प्रशासकाचे मुख्य खाते पासवर्डने उघडू न देणे, हा ओपनएसएसएचमध्ये २०१५ पासून मूळचाच पर्याय आहे. शक्य तिथे किल्ली किंवा उपकरण पासवर्डची जागा घेते, आणि जिथे पासवर्ड राहतो तिथे त्याच्या जोडीला दुसरी पडताळणी असते. यांतला एकही थर बाकीच्यांचे काम करत नाही. प्रत्येक थर तिन्हींपैकी एकाच जागेची राखण करतो, म्हणून सर्व्हर उभारताना तिन्ही जागांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.